चुलीला रकाना नाही

संपादकांनी फटाक्यांच्या धुराबद्दल लेख मागितला होता. दिवाळीच्या आठवड्यात आमच्या ओपीडीत खोकणाऱ्यांची गर्दी वाढते, हे खरंच आहे. पण छातीच्या विकारांची डॉक्टर म्हणून मला लिहायचंय ते बारा महिने, दोन्ही वेळ होणाऱ्या धुराबद्दल. मागच्या पावसाळ्यात गेलेल्या एका बाईंची केस अजून डोक्यातून जात नाही, म्हणून.

वेल्ह्याकडच्या होत्या, साठीच्या आसपासच्या. धाप लागते म्हणून मुलगा घेऊन आला. तोवर ‘वय झालं’ म्हणून सगळं अंगावर काढलेलं. विडी ओढता का, हा आमचा ठरलेला प्रश्न. “नाही ओ बाई, मिश्री तेवढी लावते.” आणि चूल? “चूल तर न्हानपणापासनं.”

स्पायरोमेट्रीची नळी तोंडात देताना आमची तंत्रज्ञ म्हणाली, “मावशी, फुंकणी फुंकता तशी फुंका, जोरात.” त्यांनी जीव लावून फुंकलं. निरोगी माणूस छातीतून जेवढी हवा जोराने बाहेर टाकू शकतो, तिच्यातली साधारण सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त पहिल्याच सेकंदात निघते. यांची निम्मीही निघाली नाही. पंपाने औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आकडा जवळपास तोच. दमा असता तर बहुधा सुधारला असता. हा सीओपीडी: श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या आणि वायुकोशांच्या भिंती विरलेल्या. हा विडी-सिगारेटवाल्यांचा आजार, अशी लोकांची ठाम समजूत आहे, आणि ती काढता काढता मी थकले आहे. ‘पंपाची सवय लागते’ ही तिची सख्खी बहीण. तिच्यामुळे किती जण बरं वाटताच औषध सोडतात आणि पुढच्या खेपेला ऑक्सिजन लावूनच येतात!

ओलं लाकूड आणि गोवऱ्या अर्धवट जळतात, तेव्हा अडीच मायक्रॉनहून लहान कण सुटतात. मोठी धूळ नाकात नाहीतर श्वासनलिकेतल्या लवेत अडकते आणि कफाबरोबर बाहेर पडते. हे कण थेट वायुकोशांत उतरतात. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या सूज आणणारी रसायनं सोडतात, आणि त्याबरोबर सुटणारी विकरं शेवटी फुप्फुसाचीच भिंत खातात. सूज तिथेच थांबत नाही. रक्त गोठण्याकडे झुकतं, धमन्यांतले थर अस्थिर होतात. म्हणूनच बाहेरच्या प्रदूषित हवेने होणाऱ्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा हृदयविकार आणि पक्षाघाताचा आहे, खोकल्याचा नाही. चोवीस तासांच्या सरासरीत हे कण घनमीटरला 15 मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत, असं जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते. आपलं राष्ट्रीय मानक 60 आहे. पेटलेल्या चुलीपुढे आकडा शेकड्यांत जातो, कधी हजारांत. मोबाइलवर एक्यूआय बघून खिडक्या लावून घेणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, की त्या स्वयंपाकघरात कुठलंही मोजणी केंद्र नसतं.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या वादाकडे येते. केवळ हवेच्या प्रदूषणामुळे मृत्यू झाला, असा थेट संबंध दाखवणारी निर्णायक माहिती देशात नाही, असं उत्तर सरकारने संसदेत वारंवार दिलं आहे. त्यातल्या ‘केवळ’ला माझी हरकत आहे. हीच कसोटी लावली तर तंबाखूही निर्दोष सुटेल. फुप्फुसाचा कर्करोग झालेला प्रत्येक जण सिगारेट ओढत नव्हता आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला तो होत नाही. तरीही तंबाखूला दोषी धरताना आपण ‘केवळ’ लावत नाही, आणि ते बरोबरच आहे.

लंडनमध्ये एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी 2013 मध्ये दम्याने गेली. वाहत्या रस्त्यालगत तिचं घर होतं. आई लढत राहिली, पहिल्या चौकशीचा निष्कर्ष रद्द झाला, आणि 2020 मध्ये कॉरोनरने कारणांची साखळी नोंदवली: तीव्र श्वसननिकामीपणा, त्यामागे गंभीर दमा, त्यामागे प्रदूषित हवेचा संपर्क. तिसरी पायरी लिहिली गेली, एवढंच वेगळं.

आमच्याकडे मृत्यू नोंदणीच्या फॉर्मात मृत व्यक्तीला धूम्रपानाची सवय होती का, किती वर्षं, हे विचारतात. तंबाखू, सुपारी-पानमसाला आणि दारूचंही विचारतात. त्या बाईंच्या मुलाने मिश्रीची वर्षं सांगितली, ती लिहून घेतली गेली. चुलीचं कुणी विचारलं नाही, कारण रकानाच नाही. मृत्यूच्या कारणाच्या माझ्या प्रमाणपत्रात, हातभार लावणाऱ्या कारणांच्या दुसऱ्या भागात, मी ‘चुलीच्या धुराचा दीर्घकाळ संपर्क’ असं लिहिलं. पण आकडेवारी मूळ कारणाचीच होते, त्यामुळे सरकारी तक्त्यात त्या बाई फक्त श्वसनविकाराचा एक मृत्यू आहेत.

त्यांच्या घरी उज्ज्वलाचा सिलिंडर आहे. चहा त्यावर होतो. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, कारण भरलेला सिलिंडर परवडत नाही आणि काटक्या फुकट मिळतात. सून तिशीतली आहे आणि तिला सकाळचा खोकला सुरू झालाय. तिचीही स्पायरोमेट्री मी करून घेणार आहे. आणि त्या फॉर्मात तंबाखूच्या ओळीखाली आणखी एक ओळ छापा, ही मागणी करणार आहे: स्वयंपाक कोणत्या इंधनावर केला आणि किती वर्षं?