सतरा इंचाचा संसार

ऑफिसात सहज म्हणून बघा, ‘लॅपटॉप घ्यायचाय.’ पुढच्या पाच मिनिटांत चहाच्या मशीनपाशी तज्ज्ञांची समिती बसते. एक म्हणतो, मॅक घे, डोक्याला ताप नाही. दुसरा म्हणतो, गेमिंगला मॅक? वेडी आहेस का? तिसरा ‘डेस्कटॉप असेंबल कर, निम्म्या पैशात काम होतं’ असा बॉम्ब टाकून निघून जातो. चौथ्याचा मेहुणा पुढच्या महिन्यात दुबईहून येणारच असतो. सगळे शहाणे असतात हो. प्रॉब्लेम एवढाच, की यांतल्या कुणीच पाथर्डी पाहिलेली नसते.

आणि आमचा लॅपटॉप राहणार होता पाथर्डीला. अर्धा माझा, अर्धा धाकट्या भावाचा. मी पुण्यात आयटीत, तो तिकडे लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. महिन्यातून एखादा वीकेंड मी घरी जाते, तेव्हा रात्री जेवणं झाली की स्क्रीन माझी. तीस वर्षांची बाई हेडफोन लावून गोळ्या झाडत बसते याचं आईला अजून नवल वाटतं, पण तिनं आता विचारणं सोडलंय.

जुनं मशीन सतरा इंची होतं. सात वर्षं राबलं. २०२५ च्या जुलैत एका रात्री एक्सपोर्ट चालू असताना बंद पडलं ते पडलंच. नगरला नेलं (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडातून ‘नगरला जाऊन येतो’ काही जात नाही). एका सर्व्हिस सेंटरवाल्यानं बोर्ड गेला म्हणून चाळीस हजार सांगितले आणि वर ‘गॅरंटी नाही’ हेही सांगितलं. नाव घेत नाही, पण त्याचा चेहरा अगदी अंत्यविधीला आलेल्या माणसासारखा होता.

आता घाई कसली, ते सांगते. आमचा तालुका दुष्काळी आणि ऊसतोडीचा. दसरा झाला की हजारो माणसं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि गाळप संपलं की मार्च-एप्रिलमध्ये परततात. साहजिकच आमच्याकडची लग्नं एप्रिल-मेमध्ये एकावर एक कोसळतात. शूटिंगचा ॲडव्हान्स तेव्हा मिळतो. उरलेले पैसे? ते बहुतेक वेळा मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल हातात पडली की, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे. व्हिडिओ तोवर दिला तर पैसे हातात. नाही दिला, तर नवरा-नवरी जोडीनं उसाच्या फडात आणि पैसे थेट पुढच्या उन्हाळ्यात. जुलैमध्ये भावाकडे अकरा लग्नं पडून होती. दसरा होता दोन ऑक्टोबरला.

डेस्कटॉपचा सल्ला तसा चुकीचा नाही. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो आणि थंडही राहतो. पण आमच्याकडे लाइट कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. शिवाय भाऊ लग्नाच्या मांडवातच रात्री कार्ड रिकामी करतो. कार्ड हरवलं तर सप्तपदी पुन्हा घेता येत नाही ना! म्हणून लॅपटॉपच.

पहिलं भांडण स्क्रीनवरून. त्याला सतराच्या खाली यायचं नव्हतं, जमलं तर अठरा. मी मग टेप घेऊन बसले. जुन्या सतरा पॉइंट तीन इंची स्क्रीनचा आकार १६:९, म्हणजे उंची साधारण साडेएकवीस सेंटिमीटर. हल्लीच्या सोळा इंची गेमिंग लॅपटॉपचा १६:१०. त्याची उंची? तीच, साडेएकवीस! कमी होते ती फक्त रुंदी, जेमतेम चार सेंटिमीटर. एडिटिंगला उंची महत्त्वाची, कारण वर चित्र आणि खाली टाइमलाइनचे थर. अठरा इंची घेतला तर रुंदी जुन्या सतराएवढीच मिळते, पण उंची पावणेतीन सेंटिमीटरनं वाढते. खरी मजा त्यात आहे, कबूल. पण तो तीन किलोच्या पुढे, वर किलोभर वजनाचा चार्जर, आणि किंमत ऐकून भाऊच म्हणाला, ‘ताई, सोळा लई झाला.’

त्याहून मोठा मुद्दा रंगांचा. दुकानात सगळ्या स्क्रीन झगझगीतच दिसतात. स्पेसिफिकेशनच्या कागदात बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं सापडलं, की ते मशीन एडिटिंगसाठी बाद समजायचं. असा पॅनेल एसआरजीबी रंगांपैकी साधारण ६० ते ६५ टक्केच दाखवतो. जुन्या मशीनचं हेच दुखणं होतं. त्याच्यावर शालूचा लाल मळकट दिसायचा, म्हणून भाऊ रंग चढवायचा, आणि तोच व्हिडिओ नवरीकडच्यांच्या टीव्हीवर लागला की शालू पेटल्यासारखा आणि हळद केशरी. एका नवरीच्या मामीनं ‘आमची पोरगी येवढी पिवळी न्हाई’ असं तोंडावर सुनावलं होतं. तेव्हा शंभर टक्के एसआरजीबी ही अट पक्की झाली. माझा आग्रह होता १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ चित्रं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिव्यांचा फ्लिकर टाळायला तो शूट करतो २५ किंवा ५० फ्रेम्सवर. त्याच्या दृष्टीनं माझे १६५ म्हणजे निव्वळ उधळपट्टी. नशीब, चांगल्या पॅनेलमध्ये दोन्ही एकत्रच आले.

ग्राफिक्स कार्डावर मात्र आमचं एकमत होतं, कारण ते गेमलाही लागतं आणि एडिटिंगलाही. इथे एक फंडा लक्षात ठेवा. नुसतं नाव वाचू नका, वॉट विचारा. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉप कार्ड कंपन्या ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत काहीही देऊन चालवू शकतात. दोन्ही मशीनवर स्टिकर सारखंच, पळायला मात्र एक बैल आणि एक घोडा. आम्ही शेवटी २०२५ मध्ये आलेलं आरटीएक्स ५०६० ठरवलं, तेही भावाच्या हट्टानं. त्याचा नवा मिररलेस कॅमेरा ‘फोर-टू-टू टेन-बिट’ प्रकारचं फूटेज देतो. ते उलगडायची सोय एनव्हिडियाच्या आधीच्या पिढीतल्या कार्डांत नव्हती, ५० च्या मालिकेत आली. (इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरांतल्या ग्राफिक्समध्ये एचईव्हीसीपुरती ती सोय आहे. ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी हे जरूर बघावं.) ही सोय नसेल तर टाइमलाइन अशी अडखळते, की मंगलाष्टकं सुद्धा तोतरी होतात.

आमच्या एडिटिंगच्या खोलीवर पत्रे आहेत. मे महिन्यात आत बसलं की माणूसच थ्रॉटल होतो, मशीनची काय कथा. त्यामुळे पातळ, देखणे, ‘कॉफी शॉपमध्ये शोभतील’ असे लॅपटॉप आम्ही पहिल्याच फेरीत काढून टाकले. आम्हाला पाहिजे होता जाडजूड, मागे मोठ्या जाळ्या असलेला. पुण्यातल्या चार दुकानांत आम्ही पेनड्राइव्ह घेऊन फिरलो, त्यात त्याच्याच एका लग्नाची क्लिप. तीन ठिकाणी ‘डेमो पीसवर असं काही चालवता येत नाही.’ चौथ्या दुकानातल्या पोरानं मात्र वीस मिनिटं एक्सपोर्ट लावू दिला, कीबोर्डवर हात ठेवून गरम किती होतोय तेही बघू दिलं. फॅनचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा, पण वेग शेवटपर्यंत तसाच टिकून होता. खरेदी तिथेच केली.

बॅटरीच्या जाहिरातीवर जाऊ नका. विमानात नेता यावी म्हणून कंपन्या बॅटरी १०० वॉट-अवरच्या आतच ठेवतात. मशीन शंभर वॉटच्या वर ओढायला लागलं, की तासाच्या आत खेळ खलास. शिवाय बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाची ताकद उतरते ती वेगळीच. म्हणून आमचा खरा साथी घरचा इन्व्हर्टर. १५० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. त्यातले कमी-जास्त वजा करून एक पंखा, एक दिवा आणि लॅपटॉप असा संसार चार-पाच तास चालतो. इन्व्हर्टर साइनवेव्हचा आहे ना, तेवढं तपासून घ्या.

सगळ्यात फसवा आकडा स्टोरेजचा. एक टीबी ऐकायला केवढं वाटतं! १०० एमबीपीएसनं शूट केलेलं फोर-के म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, पाच तास, झाले साडेचारशे. दोन लग्नांत टीबी संपला. म्हणून दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामा स्लॉट आहे का, हा प्रश्न दुकानदाराला चार वेळा विचारला. रॅमही तेव्हाच ३२ जीबी करून घेतली. पुढे २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी अशी ओढून घेतली, की रॅमचे भाव गगनाला भिडले. भाऊ त्याचं श्रेय मोहटादेवीला देतो.

सगळं मिळून, १८ टक्के जीएसटी धरून, सव्वा लाखाच्या थोडं वर गेलं. निम्मे माझे, निम्मे त्याचे. त्याच्या निम्म्यासाठी आईनं भिशीचे पैसे काढले. वडील आयुष्यभर कोयत्यावर गेले. त्यांनी बिल वाचलं, घडी घातली आणि विचारलं, ‘ह्याला कितीक वरीस?’ भाऊ म्हणाला, ‘आप्पा, सहा-सात तरी काढील.’ ‘मग बैलावानीच की,’ म्हणून ते उठून गेले.

आमच्याच जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे यूट्यूबवरची ‘आपली आजी’, २०२० मध्ये नातवाच्या मदतीनं चुलीवरच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायला लागल्या आणि घराघरांत पोचल्या. तेव्हापासून तालुक्यातल्या प्रत्येक पोराला वाटतं, आपलंही चॅनल निघावं. भावालाही वाटतं. त्याच्याकडे ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्यांचं चार वर्षांचं फूटेज पडून आहे. पण आधी अकरा लग्नं.

ऑगस्टच्या मध्याला कामाला लागला. पूर्वी जो एक्सपोर्ट रात्रभर चालायचा, तो आता जेवण होईस्तोवर संपायला लागला. सप्टेंबरमध्ये मराठवाडा आणि नगरच्या पट्ट्यात अतिवृष्टी झाली. एरवी टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या गावांत पाणी शिरलं, लाइट गायब, इन्व्हर्टर चार्ज व्हायलाही वीज नाही. तीन दिवस असेच गेले. तरी दसऱ्यापर्यंत त्यानं नऊ पेनड्राइव्ह हातात दिले, त्यातला एक तर ट्रॅक्टर-ट्रॉली सुटता सुटता, रस्त्याच्या कडेला. नवरीनं तिथेच मोबाइलला केबल लावून पहिली दोन मिनिटं पाहिली म्हणे. शालू शालूसारखा दिसत होता. नऊ घरांचे पैसे आले. दोन कुटुंबं आधीच निघून गेली होती. त्यांचे पेनड्राइव्ह कपाटात आहेत, नावाच्या चिठ्ठ्या लावून.

माझ्या वाट्याला करारानं २०० जीबी आली होती. त्यात मी पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओनं २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ टाकला आणि एक शंभर जीबीचा राक्षस, ज्याच्यासाठी मी एवढ्या वॉटची चौकशी करत फिरले होते. दिवाळीत दोन रात्री खेळले, सॉल्लिड चालला. तुळशीच्या लग्नानंतर भावाचा मेसेज आला : ‘ताई, तुझा मोठा गेम उडवलाय. जागा नव्हती.’

मी लिहिलं, ‘आणि राजी?’

‘ती आहे अजून. पण रविवारी टाकळीचं लग्न आहे.’