अंगठेबहाद्दर

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आम्ही परभणीकर जिथे जाऊ तिथे ऐकवतो. समोरचा हसतो, आम्हीही हसतो, आणि जर्मनीचा विषय तिथेच संपतो :)

तर मंडळी, आज लिहायचंय ते आमच्या गावातल्या 'सेंटर'बद्दल. सरकारी कागदावर त्याचं नाव 'आपले सरकार सेवा केंद्र'. त्याआधी महा ई-सेवा केंद्र होतं, ग्रामपंचायतींत २०११ पासून 'संग्राम' होतं. पूर्णा तालुक्यातल्या आमच्या गावात यातलं एकही नाव कोणी घेत नाही. "सेंटरवर जाऊन येतो" म्हटलं की झालं. एक टेबल, एक संगणक, प्रिंटर, अंगठा घ्यायची छोटी डबी, लॅमिनेशनचं मशीन. आणि समोर बाकड्यावर बसलेला अर्धा गाव.

ही कल्पना तशी जुनी आहे. आपल्या महाराष्ट्रात १९९८ साली वारणानगरच्या आसपासची सत्तर गावं संगणकांनी जोडायचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं होतं! शेतकरी बाजारभाव बघेल, पोरं जगभरातलं ज्ञान मिळवतील वगैरे वगैरे. पुढे काही वर्षांनी अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की ते संगणक मुख्यतः एकाच कामाला लागलेत, उसाच्या हिशेबाला. मग काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून बघितलं, तर तेही झालं! २००६ साली केंद्र सरकारने देशभराची योजना आखली. सहा लाख खेडी आणि एक लाख केंद्रं, म्हणजे सहा गावांत एक.

गंमत बघा. गावात इंटरनेट पोचवायला निघालेली ही केंद्रं, आणि इंटरनेट मात्र दुसऱ्याच वाटेने आलं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि पारावरच्या पोरांच्या खिशात नेट येऊन बसलं. मग सेंटर ओस पडायला हवं होतं ना? उलट गर्दी वाढली. कारण आता तिथे कोणी इंटरनेटसाठी जात नाही. लोक जातात सरकारसाठी. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविमा, पीएम-किसान. २०१७ च्या कर्जमाफीला अर्ज ऑनलाइन, त्यात नवरा-बायको दोघांची माहिती, आणि साइट दिवसा चालेना म्हणून माणसं रात्र-रात्र बसलेली. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणसाठी बायकांच्या रांगा. तहसीलला हेलपाटा घालण्यापेक्षा हे बरंच, हे मात्र कबूल करायला हवं. पूर्वी एका दाखल्यासाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जायचं.

आता माझ्या काकूबद्दल सांगतो.

काकू शाळेत कधी गेली नाही. नव्वदच्या दशकात गावात प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले. रात्री भाकरी-कालवण उरकून, कंदील घेऊन ती तिथे जायची. का, तर तिच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या आजोबांना, बँकेत कोणीतरी सगळ्यांसमोर 'अंगठेबहाद्दर' म्हणालं होतं. ते तिला लागलं होतं. चार महिन्यांत ती सही शिकली. मोठी, गोल, शिरोरेषा एका दमात ओढलेली सही. त्यानंतर कुठेही कागद पुढे आला की ती शाईचा पॅड बाजूला सारायची आणि पेन मागायची. त्या वेळचा तिचा चेहरा मला अजून आठवतो.

काका २०१६ साली गेले. वारसाने जमीन काकूच्या नावावर झाली आणि २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी, तिच्या खात्यात यायला लागले. २०२२ मध्ये ई-केवायसी आली. दोन वाटा होत्या. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, नाहीतर सेंटरवर अंगठा. आधारला नंबर होता काकांचा, तो कधीच बंद झालेला. म्हणजे राहिला अंगठा.

आणि तो उमटेना.

पन्नास वर्षं कापूस वेचलेले, खुरपं धरलेले, राखेने भांडी घासलेले हात. रेघा राहणार कुठून? सेंटरवाल्या पोराने सगळी बोटं लावून बघितली. हात धुवून झाले, खोबरेल लावून झालं. डबीचा दिवा पेटायचा आणि पडद्यावर तेच उत्तर. मला फोनवर म्हणाली, "लेकरा, अंगठाच घेईना झालंय बघ ते. मी म्हणलं सही करते की, तर ते पोरगं हसलं."

मी पुण्यात फोन धरून गप्प बसलो. ज्या अंगठ्याची लाज वाटून ती सही शिकली, तोच अंगठा आता सरकारला हवा होता. आता कलेक्टर असो की शेतमजूर, सगळेच अंगठेबहाद्दर! फक्त ज्यांनी हातांनी काम केलं त्यांचाच अंगठा नापास.

हप्ते थांबले. २०२३ च्या जूनमध्ये मोबाइल अ‍ॅपवर चेहरा दाखवून केवायसी करायची सोय आली. ते कळल्यावर त्या पोराने काकूला स्वतः बोलावून घेतलं. दुकानात उजेड कमी, म्हणून बाहेर लिंबाखाली उभं केलं, डोळ्यांची उघडझाप करायला लावली, आणि झालं! पैसेही घेतले नाहीत.

पोरगं भलं निघालं. पण भलेपणा हा काही दरपत्रकात लिहिलेला नसतो. पूर्वी गावात पत्र वाचून दाखवणारा एक माणूस असायचा, त्याला घराघरातलं सगळं ठाऊक असायचं. आज सेंटरवाल्याला आपला आधार, खातं, शिल्लक, ओटीपी सगळं ठाऊक असतं. तो सरळ असला तर गावाचं भाग्य. नसला तर पंधरा रुपयांच्या कामाचे शंभर गेले तरी म्हातारीला कळायचं नाही. तिला वाचता येत असलं तरी पडदा त्याच्याकडे तोंड करून असतो ना.

हे बदलता येतं. २०१७ च्या कर्जमाफीत घातलेला अर्जांचा घोळ पुढच्या कर्जमाफीत टाळला गेला. २०२० मध्ये बँकेच्या याद्या लागल्या आणि शेतकऱ्याने फक्त आधार पडताळायचा होता. म्हणजे रांग ही वरून ठरवलेली गोष्ट असते, आणि वरून कमीही करता येते.

आमच्या नात्यातले बरेच जण हे वाचतात, म्हणून एक सांगणं. दिवाळीला गावी जाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारला कोणाचा नंबर जोडलाय ते बघा. बंद असेल तर बदलून घ्या. केंद्रावर पावती मागा. आणि त्यांचा अंगठा उमटतो का, तेही एकदा विचारा. ती माणसं आपणहून सांगत नाहीत. काकूने मला सांगितलं तेव्हा तिचे तीन हप्ते बुडाले होते.