दानातल्या दृष्टीची राखण

माजिवडा नाक्याजवळ रंग आणि हार्डवेअरचे दुकान चालविणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या उजव्या डोळ्यात चाळिशीत चुन्याची निवळी उडाली. चुना आम्लापेक्षा खोल शिरतो. काही वर्षांत बुबुळावर पांढरा पडदा आला आणि कडेने लाल धागे आत सरकू लागले. साठीत त्यांच्यावर पारपटलाचे, म्हणजे कॉर्नियाचे, रोपण झाले.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, "पडद्यापेक्षा मला या लाल धाग्यांची चिंता अधिक आहे."

पारपटलाची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. निरोगी पारपटलात एकही रक्तवाहिनी नसते, म्हणूनच ते काचेसारखे पारदर्शक राहते. त्याला प्राणवायू हवेतून, अश्रूंच्या थरातून मिळतो आणि पोषण मुख्यतः आतल्या द्रवातून. रक्तवाहिन्यांना बोलावणारे प्रथिन अडवून धरण्याची सोयही त्याच्यातच असते. हे जयकृष्ण अंबाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले. जिथे रक्त पोचत नाही, तिथे शरीराचे पहारेकरीही सहसा फिरकत नाहीत. त्यामुळे परक्याचे पारपटल बहुधा निभावून जाते. मात्र रक्तवाहिन्या शिरल्या, की पहारेकऱ्यांना वाट सापडते. सोबत वाढलेल्या लसिकावाहिन्या परक्या पेशींची वर्दी गाठींपर्यंत नेतात आणि शरीर दानाला शत्रू समजू लागते.

७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमौत्स येथे एदुआर्द त्सिर्म यांनी यशस्वी पारपटल-रोपण केले. त्या मजुराचे डोळेही चुन्यानेच भाजले होते आणि पारपटल एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याचे होते. दोहोंपैकी एकाच डोळ्यातले रोपण टिकले.

माजिवड्याच्या या गृहस्थांना पुन्हा वहीतले आकडे दिसू लागले. दीड वर्ष सारे सुरळीत चालले. मग थेंब घालण्यात ढिलाई आली. धनत्रयोदशीच्या सकाळी डोळा लाल झाला, उजेड टोचू लागला, दिव्यांभोवती धूसर कडी दिसू लागली. दुकानात गिऱ्हाइकांची रीघ होती.

"पाडवा होऊ दे, मग दाखवू," ते म्हणाले.

सूनबाईंनी डॉक्टरांचे कार्ड समोर ठेवले. लाली, उजेडाचा त्रास, अंधुकपणा, वेदना: यांतले एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी यावे, असे त्यावर छापले होते.

"बाबा, डोळा आपला असला तरी त्यातली काच दुसऱ्याची आहे. ज्या घराने ती दिली, त्यांच्याकडे पुन्हा मागायला जाता येणार नाही."

मुलाने गल्ला सांभाळला आणि सूनबाई त्यांना रुग्णालयात घेऊन गेल्या. एक टाका सैल झाला होता. त्याच्या आधाराने बारीक रक्तवाहिनी रोपणाच्या कडेपर्यंत आली होती आणि काच सुजली होती. डॉक्टरांनी टाका काढला आणि स्टेरॉइडचे थेंब दर तासाला सुरू केले. या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून ते मनाने सुरू करायचे नाहीत, तसेच मनाने थांबवायचेही नाहीत, हेही बजावले. वहीपूजनाला ते काळा चष्मा लावून बसले. काही आठवड्यांनी सूज उतरली. दृष्टी परत आली, तरी कडेला थोडे धुके राहिलेच.

तेव्हापासून रोजमेळाच्या पानावर जमा-खर्चाशेजारी थेंबांच्या वेळा लिहिल्या जातात. पुढच्या भाद्रपदात, पर्युषणाच्या सुमारास, घरातील सर्वांनी नेत्रदानाचे अर्ज भरले. चष्मा किंवा मधुमेह असला म्हणून दान अडत नाही, हे त्यांना तेव्हाच कळले. पण नुसता अर्ज भरून भागत नाही. मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर नेत्रपेढीला कळवावे लागते आणि ते काम मागे राहिलेल्यांनाच करायचे असते. म्हणून गल्ल्याच्या झाकणाला, आतल्या बाजूने, त्यांनी नेत्रपेढीचा क्रमांक चिकटविला आहे. दिवसातून कितीतरी वेळा ते झाकण उघडते आणि घरातील प्रत्येकाच्या नजरेस तो पडतो.