रेड्याचं रानातलं गणगोत

दिवाळी सरता सरता आमच्या हैदराबादेत रेड्यांची रात्र येते. 'सदर' म्हणतात तिला. यादव गवळ्यांचा हा सण, आणि त्याची खरी गर्दी नारायणगुड्याला. हरयाणातून आणलेले मुऱ्हा रेडे, अंगाला तेल चोळून काळेभोर चमकवलेले. गळ्यात झेंडूच्या आणि कवड्यांच्या माळा, शिंगांना रंग, माथ्यावर मोरपिसं. ढोलांवर तीनमारचा ठेका चढला की मालक कासरा वर ओढतो आणि ते धूड मागच्या दोन पायांवर उभं राहतं. लोक मोबाइल उंचावतात, मी दोन पावलं मागे सरतो. मराठी माणसाला रेडा म्हटलं की एक तर यमाचा आठवतो, नाहीतर पैठणचा. इथे तो नवरदेव असतो.

या नवरदेवाचं रानातलं गणगोत मात्र आटत चाललंय. सगळ्या जगात मिळून रानम्हशी चार हजारांच्या आत उरल्यात. त्यांतल्या बहुतेक आसामात, काझीरंगाच्या आसपास. मध्य भारतात छत्तीसगडची इंद्रावती आणि उदंती, आणि आपल्या गडचिरोलीतलं कोलामार्का. महाराष्ट्रात रानम्हैस आहे, हे सांगितलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे गव्याची गोष्ट काढतात. गवा वेगळा, तो सह्याद्रीत धरणाच्या काठीसुद्धा दिसतो. रानम्हैस दिसायला सिरोंचा वनविभागात, इंद्रावतीच्या बाजूला जावं लागतं. 2013 साली कोलामार्काचं सुमारे 180 चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव झालं. शेजारच्या कमलापूरचा हत्ती कॅम्प पाहायला लोक जातात आणि तिथूनच माघारी फिरतात. मुंबईपेक्षा ते रान हैदराबादला कितीतरी जवळ आहे.

पूर्ण वाढलेला रानरेडा हजार-बाराशे किलोंपर्यंत भरतो. शिंगं अशी पसरलेली की दाट झाडीत वळताना त्याला विचार करावा लागत असेल. मागणं मात्र साधं: उंच गवत, बारमाही पाणी आणि लोळायला चिखल. नेमकी हीच जागा गावच्या गुरांनाही हवी असते, आणि घोळ तिथेच सुरू होतो. पूर्वी बुळकांडीच्या साथीने कळपच्या कळप गेले. बुळकांडी आता जगातून संपली, पण लाळ-खुरकूत आहेच. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे सोयरीक. चरायला सोडलेली पाळीव म्हैस आणि रानरेडा एकमेकांना परके मानत नाहीत. मानतील कसे? काही हजार वर्षांपूर्वी ही एकच जात होती. वाघ संपतो तो गोळीने किंवा विषाने. रानम्हैस कुणी न मारताही संपू शकते. पिढीगणिक थोडी थोडी घरची होत जाते, आणि एक दिवस रानात शिंगं दिसतात पण रानम्हैस नसते.

ती खरीच रानटी उरली आहे का, हे ठरवायचं काम आमच्या शहरात चालतं. अत्तापूरला सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेची लुप्तप्राय प्रजातींसाठीची प्रयोगशाळा आहे, 'लॅकोन्स'. एक्स्प्रेसवेच्या खांबाचा नंबर सांगितल्याशिवाय तिथला पत्ता पुरा होत नाही. सीसीएमबीचे माजी संचालक डॉ. लालजी सिंह यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. इथेच 2006 मध्ये कृत्रिम रेतनातून 'स्पॉटी' नावाचं चितळाचं पाडस जन्मलं, पुढच्या वर्षी काळविटाचा 'ब्लॅकी'. पेशी आणि वीर्य उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेवतात. मध्य भारतातल्या रानम्हशींचे डीएनए नमुनेही इथे तपासले गेले. जवळच मीर आलम तलावाकाठी नेहरू प्राणिसंग्रहालय; रविवारी तिथे डबे घेऊन येणाऱ्या कुटुंबांना शेजारी काय चाललंय याची गंधवार्ता नसते.

या कामाचं मला अप्रूप आहे, पण सगळी भिस्त त्याच्यावर टाकावी असं वाटत नाही. उदंतीत एक वेळ अशी आली की 'आशा' नावाची एकच मादी उरली. तिच्या पेशींपासून कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत डिसेंबर 2014 मध्ये क्लोन केलेली 'दीपआशा' जन्मली. गाजावाजा झाला. नंतर शंका निघाली की ही दिसते तर मुऱ्ह्यासारखी! खरं-खोटं तज्ज्ञ ठरवोत. मला खटकतं ते वेगळंच. समजा, ती अस्सल रानम्हैस निघाली, तरी तिला सोडणार कुठे? नदीकाठचं गवत गुरांनी खाल्लेलं आणि कळपात गावचा रेडा शिरलेला असेल, तर तिची पिल्लं पुन्हा त्याच वाटेने जाणार. 2020 पासून आसामच्या मानसमधून रानम्हशी छत्तीसगडच्या बारनवापाऱ्यात आणल्या. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न आहे.

खरं काम कंटाळवाणं आहे आणि त्याची बातमी होत नाही. भोवतालच्या गावांतल्या प्रत्येक गुराला वेळेवर लस, मोकाट रेड्यांचा बंदोबस्त, चराईसाठी गावकऱ्यांना दुसरी सोय. तीही त्यांच्याशी बोलून, कारण माडिया गोंडांची गुरं ही त्यांची बँक आहे. याला प्रयोगशाळा लागत नाही. जीप, लसीचा थंड डबा आणि दर पावसाळ्याआधी न चुकता येणारा पशुवैद्यक लागतो.

तेव्हा वाचकहो, ताडोब्याला वाघ पाहायला जाल, त्याचे फोटोही टाकाल. त्याबरोबर आपल्या आमदाराला एक साधा प्रश्न विचारा: कोलामार्काभोवतीच्या गावांत यंदा किती गुरांना लस टोचली?