१ जून आणि तळ्यातला गाळ

आमच्या बाबांची जन्मतारीख १ जून १९६१. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर! मुलाला लवकर शाळेत बसवायचं म्हणून गुरुजींनी लिहून टाकली, झालं. त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मलाय (ह. घ्या.).

आजी मात्र म्हणायची, "पानशेत फुटलं तेव्हा मी शनिवार पेठेतून रिकाम्या हातांनी पळाले. कडेवर पोर नव्हतं. हा दोन वर्षांनी झाला." पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे बाबा खरे १९६३ चे. पण कागद तो कागद. ३१ मे २०१९ ला सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, दोन वर्षं आधीच.

हे आठवलं ते तळ्यातल्या गाळाचं वय कसं काढतात ते वाचताना. पावसाबरोबर शिसं-२१० तळ्यात पडत असतं. हवेतल्या रेडॉन वायूपासून ते बनतं आणि साधारण २२ वर्षांत निम्मं होतं. कुठल्या थरात किती उरलंय यावरून त्या थराचं वय. शंभरेक वर्षं हे घड्याळ बरं चालतं. पण त्यात गृहीतकं असतात, आणि गृहीतक आलं की बग आलाच, हे आपल्याला कोणी सांगायला नको!

म्हणून एक साक्षीदार लागतो, सीझियम-१३७. हे आलं अणुचाचण्यांतून. सगळ्यात जास्त पडलं १९६३ च्या सुमारास. त्याच वर्षी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटनने हवेतल्या चाचण्या थांबवायचा करार केला. सीझियमचा कळस असलेल्या थराला शिशाचं घड्याळही १९६३ म्हणत असेल, तर विश्वास ठेवायचा. मग वरखालच्या थरांतली काजळी, परागकण कुठल्या काळातले ते सांगता येतं.

कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्यात तर दर वर्षाचा वेगळा थर दिसतो, अगदी लॉग फाइलसारखा. तिथल्या गाळात मक्याचे परागकण सापडले आणि त्यावरून काठावरचं मूळ रहिवाशांचं जुनं गाव सापडलं. चाचण्यांतलं प्लुटोनियमही तिथे आहे. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने 'मानवयुगा'ची सुरुवात दाखवायला हेच तळं निवडलं. २०२४ मध्ये मतदानात तो प्रस्ताव पडला. कागदावर नोंद झाली नाही, गाळात ती आहेच.

आजीचं पानशेत म्हणजे आमच्या घरचं सीझियम. दोन्ही खुणा संकटांच्याच. आणि दोन्ही साक्षीदार टिकणारे नाहीत. सीझियम ३० वर्षांत निम्मं होतं, १९६३ चं आता जेमतेम पाव उरलंय. आजी तर गेलीच. तिचं बोलणं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून आज इथे लिहिलं.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे आई बरोबर होती तर."

"होती ना बाबा!"

"मग माझा दोन वर्षांचा पगार कोण देणार?"

असो.