तिकीट स्वस्त, बोट महाग
सिंगापूर, पिनांग, फुकेत : हप्ता दुसरा

रविवार, सिंगापूर

बोट उद्या दुपारची, पण आम्ही चौघं आजच येऊन लिटल इंडियातल्या एका साध्या हॉटेलात उतरलो. विमानाला उशीर झाला म्हणून बोट कुणासाठी खोळंबत नाही आणि हुकलेल्या सफरीचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत. तेव्हा एका रात्रीचं भाडं मुकाट्याने मोजलं.

सेरंगून रोडवर डोसा खाताना ताईचा चेहरा फुललेला होता. पुण्याहून निघायच्या आदल्या रात्री तिला मेल आला होता: तुमची बोली मंजूर, तुम्हाला बाल्कनीची केबिन. आम्ही दोघी बहिणींनी बिनखिडकीच्याच केबिनी घेतल्या होत्या. फरक इतकाच की ताईने नंतर बढतीसाठी बोली लावली आणि मी लावली नाही. आता बऱ्याच कंपन्या रिकाम्या उरलेल्या वरच्या केबिनी अशा लिलावात काढतात. आकडा आपण टाकायचा. त्यांना परवडला तर सुटायच्या एक-दोन दिवस आधी कळतं आणि पैसे लगेच कार्डावरून जातात. मग ‘नको’ म्हणायची सोय नाही.

यात मेख अशी की बोली माणशी असते, केबिनमागे नव्हे. ताई ८० डॉलर टाकणार होती. भावोजी आयुष्यभर ऑडिटमध्ये राहिलेले, त्यांनी खालची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, “अगं, हे दोघांचे एकशे साठ होतात.” शेवटी माणशी ४० वर भागलं. बुकिंग करताना बाल्कनीला याच्या कितीतरी पट जादा मागत होते.

मी मात्र बिनखिडकीची केबिन घेतली याचा मला जराही खेद नाही. तीही ‘गॅरंटी’ प्रकारातली. म्हणजे दर्जा आपण ठरवायचा, खोली कोणती ते कंपनी ठरवणार, आणि त्या बदल्यात भाडं कमी. ज्यांना बोट लागते त्यांनी या फंदात पडू नये. त्यांनी खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमध असलेली खोली निवडून घ्यावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. पण मलाक्काच्या सामुद्रधुनीत एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा. या पाण्याला एरवी फारशी खळबळ नसते.

भाड्याचं आणखी एक. पैसे भरायची अंतिम तारीख यायच्या आधी आमच्याच तारखेचा भाव उतरला होता. मी एजंटला फोन केला, त्याने नव्या भावाने बुकिंग करून दिलं. हे कुणी आपणहून करत नाही. अधूनमधून भाव बघत राहावं लागतं, आणि अंतिम तारीख उलटली की तो दरवाजा बंद. जाहिरातीतला आकडा तर नेहमीच माणशी असतो, एका केबिनमध्ये दोघं धरून. एकटा माणूस गेला तर बहुतेक ठिकाणी त्याला जवळजवळ दुप्पट पडतं.

सोमवार, बोटीवर

मेट्रोने मरीना साऊथ पिअरपर्यंत आलो. तिथून २०१२ साली सुरू झालेलं मरीना बे क्रूझ सेंटर चालत जाण्याजोगं आहे. चाकाच्या बॅगा असल्या की टॅक्सीची गरजच नाही.

काउंटरवर कार्ड मागितलं. बोटीवर रोकड चालत नाही. सगळा खर्च केबिनच्या कार्डावर चढतो, तोही अमेरिकी डॉलरमध्ये, आणि शेवटी तुमच्या बँकेच्या कार्डावरून वळता होतो. मधल्या काळात ते काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं तर आपलेच पैसे सफर संपल्यावरही काही दिवस हाती लागत नाहीत, म्हणून आम्ही क्रेडिट कार्ड दिलं. तेही परकी चलनावर मार्कअप न लावणारं. भावोजींच्या जुन्या कार्डाला साडेतीन टक्के मार्कअप होता, वर त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. शंभर डॉलरच्या बिलावर चार डॉलरहून जास्त नुसते उडाले असते. ‘रुपयांत बिल करू का?’ असं कुणी विचारलं तर नाही म्हणावं, कारण तिथला विनिमय दर त्यांचा असतो.

बोटीत पाय ठेवतो न ठेवतो तोच पेयांच्या पॅकेजचे विक्रेते हसतमुखाने उभे. माणशी रोज ७५ डॉलर, वर १८ टक्के सेवाशुल्क, म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी. चार रात्रींचे माणशी ३५४. बीअरची बाटली ९ डॉलरची, सेवाशुल्क धरून साडेदहाच्या वर. म्हणजे पॅकेज वसूल व्हायला दिवसाला आठाहून जास्त बाटल्या रिचवायला हव्यात. भावोजी संध्याकाळी एक घेतात. त्यातून एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं, आणि ताई तर सोलकढीपलीकडे कधी गेलेली नाही. भावोजींनी विक्रेत्याला हे सगळं इंग्रजीत नीट समजावून सांगितलं. त्या पोराने शेवटी हात जोडले.

बुफेत साधं पाणी, चहा, कॉफी, लिंबू सरबत फुकट आहे. केबिनमध्ये टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीच्या गळ्यात मात्र किमतीची चिठ्ठी अडकवलेली असते. ती मी उचलून कपाटात ठेवून दिली.

सुटायच्या आधी सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाकायला लावले. किनारा सुटला की फोन बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि आपल्याकडचा नेहमीचा रोमिंग पॅक तिथे बहुधा चालत नाही. वाय-फाय आम्ही घरूनच घेतलं होतं, बोटीवरच्यापेक्षा कमी दरात आणि एकाच फोनपुरतं. एकाने लॉग आउट केलं की दुसऱ्याने लॉग इन करायचं. नातवाशी व्हिडिओ कॉल करण्यावरून ताई-भावोजींत जे व्हायचं ते झालंच.

मंगळवार, पिनांग

बोट स्वेटनहॅम धक्क्याला लागली. हा धक्का १९०४ चा. इथून जॉर्ज टाऊन इतकं जवळ आहे की बोटीवरची शहरदर्शनाची सहल घेणं म्हणजे पैसे टाकून देणं. दारातच कॉर्नवॉलिस किल्ला, त्याच्या शेजारी घड्याळाचा मनोरा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून बांधलेला, वर्षाला एक फूट या हिशेबाने ६० फूट उंच. एका श्रीमंत चिनी गृहस्थाने तो बांधून दिला. एवढी राजनिष्ठा फुकटची नसावी, असं भावोजींचं मत पडलं.

तिथून पंधरा-वीस मिनिटं चालून च्यू जेटीवर गेलो. एकाच आडनावाच्या चिनी कुटुंबांची वस्ती, घरं पाण्यातल्या खांबांवर, मधून फळ्यांची वाट. दारात वाळत घातलेले कपडे, देवघरात लाल दिवा, फळ्यांच्या फटींतून खाली चिखलाचं पाणी. प्रवेश फुकट आहे. मात्र ही लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा दारांत डोकावू नये. मग उन्हातून परत जॉर्ज टाऊनच्या लिटल इंडियात, क्वीन स्ट्रीटवरचं १८३३ सालचं मारिअम्मनचं देऊळ पाहिलं आणि रस्त्यावर बसून चेंडोल खाल्लं: बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वर ताडाचा गूळ. चौघांचं मिळून बोटीवरच्या एका बीअरपेक्षा कमी बिल झालं.

बोटीची सहल कधी घ्यावी, यावर मात्र माझं मत आहे. लांब जायचं असेल, वेळ मोजका असेल, तर घ्यावी. त्यांच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते; आपल्या टॅक्सीला उशीर झाला तर पुढच्या बंदरापर्यंत आपलं आपण जायचं. जादा पैसे या हमीचे असतात. चालत जाण्याजोग्या शहरात ही हमी कशाला विकत घ्यायची?

बुधवार, फुकेत

मोठी बोट पातोंगच्या उपसागरात नांगर टाकते आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. या जाण्यायेण्यातच वेळ जातो. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे आणि आमच्या बोटीवरचं घड्याळ सिंगापूरचंच. फोनने किनाऱ्यावर आपोआप वेळ बदलली. शेवटच्या छोट्या बोटीची वेळ बोटीच्या घड्याळाने असते, म्हणून ह्यांनी मनगटावरचं जुनं घड्याळ मुद्दाम बदललं नाही. फांग ङ्गाच्या उपसागराला जायचा मोह सोडला. वाळूत बसलो, शहाळी प्यालो, परत आलो. टुकटुकवाल्याशी भाडं आधी ठरवलं नसतं तर तेवढ्यात दिवसाचं बजेट बुडालं असतं.

गुरुवार, समुद्रावर

आज किनारा नाही, म्हणजे आज दुकानदारी. स्पाचे दर आज चढे. काल सगळे उतरून गेले होते तेव्हा त्याच मालिशवर सूट होती. फोटोवाल्यांनी जेवताना, जिन्यावर, दारात काढलेले सगळे फोटो भिंतीवर लावले आहेत. काढून घेणं फुकट, घेऊन जाणं विकत. ताईने एक घेतला, वीस डॉलरचा. हरकत काय? चौघं एकत्र असा आमचा फोटो बऱ्याच वर्षांत निघालेला नव्हता.

रोज रात्री मी ॲपवर खातं बघत होते, म्हणून दिसलं की कपाटात ठेवलेली पाण्याची बाटली आमच्या नावावर चढली आहे. काउंटरवर गेले, बाटली दाखवली, रक्कम तिथल्या तिथे वजा झाली. तेव्हा तिथे फक्त एक माणूस होता. रात्री गेले तर तीच रांग लिफ्टपर्यंत पोचली होती.

टिपेचा हिशेब या सगळ्याहून गमतीचा. ती माणशी रोज साडेअठरा डॉलर आपोआप लागते. दोघांचे चार रात्रींचे १४८. आधी भरून टाकली तर मध्ये वाढलेला दर लागत नाही, म्हणून सगळे तसंच सांगतात. पण आमच्या एजंटने प्रत्येक केबिनला ७५ डॉलरचं क्रेडिट दिलं होतं, बोटीवरच वापरायचं आणि शेवटच्या रात्री न वापरता उरलं तर बुडणारं. टीप आम्ही आधी भरलीच नाही. क्रेडिट तिच्यात गेलं आणि खात्यावर ७३ उरले. टीप कमी करून घ्यायला काउंटरवर आलेलीही माणसं होती. ते मला पटलं नाही. आमची केबिन आवरणारा पोरगा घरापासून महिनोन् महिने लांब असतो.

ताईने टीप घरूनच भरून टाकली होती. त्यामुळे रात्री दहाला ती आणि भावोजी बोटीच्या दुकानात, ७५ डॉलरमध्ये काय बसतं ते शोधत. दुकानात तशीच निम्मी बोट. सनस्क्रीन, टूथपेस्ट, टोप्या, कुणी मिळेल ते उचलत होतं. भावोजींनी शेवटी एक छत्री घेतली, ७९ डॉलरची, आणि वरचे चार डॉलर का भरावे लागले यावर केबिनपर्यंत बोलत राहिले.