दादरचे पोर्तुगीज चर्च : जुने नाव, नवी वास्तू

मुंबईला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ निदान नावाने तरी ठाऊक असते. टॅक्सीवाल्याला खूण सांगायची ती याच नावाने. गोखले रस्ता आणि एस. के. बोले रस्ता जिथे मिळतात, तिथे हे चर्च आहे. मात्र नाव ऐकून जुन्या गोव्यासारखा भव्य दर्शनी भाग आणि उंच मनोरा शोधायला गेलात, तर फसाल. तिथे दिसतात त्या काँक्रीटच्या भिंती आणि त्यांच्यावर वर वर निमुळती होत गेलेली, शिंपल्याच्या वळणाची छपरे. ‘हे कसले चर्च?’ असा प्रश्न पहिल्या भेटीत बहुतेकांना पडतो.

या चर्चचे खरे नाव ‘अवर लेडी ऑफ साल्व्हेशन’, म्हणजे तारणमाता मरियेचे मंदिर. पोर्तुगीज काळात, १५९६ साली, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ते स्थापन केले. आजची वास्तू मात्र १९७० च्या दशकातली. ती रचली चार्ल्स कोरिया यांनी. पणजीची कला अकादमी पाहिलेल्या वाचकांना त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. घराणे मूळचे गोव्याचे, जन्म १९३० साली सिकंदराबादला, कर्मभूमी मुंबई. २०१५ साली ते वारले.

आत गेल्यावर लक्षात येते की हा एकच मोठा दिवाणखाना नाही. छपराखालच्या जागा आणि उघडी अंगणे एकमेकांत गुंफलेली आहेत. एका जागेतून दुसरीत जाताना मध्ये आभाळ भेटते. येशूच्या जीवनाचे तीन टप्पे कोरियांनी या मांडणीत धरले आहेत : स्नानसंस्कार व कार्याची तयारी, मग लोकांमध्ये राहून केलेला उपदेश, आणि शेवटी बलिदान व पुनरुत्थान. वरची छपरे नुसती शोभेची नाहीत. तापलेली हवा त्यांच्यातून धुराड्यासारखी वर निघून जाते आणि अंगणातली गार हवा आत ओढली जाते. मुंबईच्या उकाड्यात भरगच्च मिस्सा चालू असताना या युक्तीचे मोल कळते. छताच्या काचेवर एम. एफ. हुसेन यांची चित्रकला आहे. मुसलमान चित्रकाराचा हात ख्रिस्तमंदिराला लागला, याचे त्या काळी कौतुकच झाले असणार.

पण हे परंपरेला धरून आहे का? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर परंपरा म्हणजे कोणती, हे आधी ठरवावे लागते.

आपल्या डोळ्यांपुढे चर्च म्हटले की एकतर जुन्या गोव्याचे बॉम जेझू येते, नाहीतर बेळगावच्या कॅम्पातले सेंट मेरीज चर्च. पहिले १६०५ साली पूर्ण झालेले, जांभ्या दगडाचे, आत सोनेरी नक्षीच्या वेद्या असलेले. दुसरे एकोणिसाव्या शतकातले, इंग्रजांच्या गॉथिक पद्धतीचे, टोकदार कमानींचे. दोन्ही आपल्याला ‘जुनी’ वाटतात. पण ख्रिस्ती धर्माच्या हिशेबाने तीही उशिराचीच. पहिली तीनशे वर्षे ख्रिस्ती लोक बहुधा कोणाच्या तरी घरात जमत. सीरियातल्या दुरा-युरोपोस या गावी तिसऱ्या शतकातले असे एक घर उत्खननात सापडले आहे. मधोमध अंगण आणि भोवती खोल्या. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन सम्राटाचा आश्रय मिळाल्यावर मोठ्या वास्तू हव्या झाल्या. तेव्हा ख्रिस्ती लोकांनी रोमन देवळांचा नमुना घेतला नाही. घेतला तो बॅसिलिकाचा, म्हणजे न्यायनिवाडे आणि व्यवहार चालत त्या सभागृहाचा. कारण उघड आहे. आपल्याकडे देऊळ हे देवाचे घर. गाभाऱ्यासमोर एकेकट्याने जाऊन दर्शन घेतले तरी चालते. चर्चचे मूळ मात्र जमलेल्या माणसांत आहे. ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी सभा. रोमच्या जुन्या सेंट पीटर चर्चच्या पुढ्यातही एक मोठे उघडे अंगण होते. तिथून मगच आत जायचे.

म्हणजे अंगण ही कोरियांची लहर नव्हे. ते ख्रिस्ती परंपरेतही आहे आणि गोव्याच्या जुन्या घरातल्या राजांगणातही आहे. दोन वारसे दादरच्या एका प्लॉटवर भेटले आहेत.

काळाचीही साथ होती. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासनेविषयीचा तिचा ठराव १९६३ साली निघाला. लॅटिनच्या जोडीला लोकभाषांना जागा मिळाली आणि भाविकांनी नुसते बघत न बसता उपासनेत भाग घ्यावा, असे ठरले. त्यानंतर धर्मगुरू वेदीमागे उभे राहून लोकांकडे तोंड करून मिस्सा करू लागले. १९६४ साली पोप सहावे पॉल मुंबईला आले, तेव्हा ओव्हल मैदानावर उघड्या आकाशाखाली मिस्सा झाली. ज्या लांबलचक दालनात मागच्या बाकावरच्या म्हातारीला वेदी धड दिसत नाही, ते दालन या नव्या रीतीला पुरेसे नव्हते. कोरियांपुढचा प्रश्न नवी फॅशन काढण्याचा नव्हता. माणसे आणि वेदी जवळ आणण्याचा होता.

तरीही जुन्या भाविकांची हुरहुर खोटी ठरत नाही. आजोबांचा बाप्तिस्मा, आईचे लग्न ज्या छपराखाली झाले, ते छप्पर गेले की घरातले माणूस गेल्यासारखे होते. जुने उतरवून नवे बांधताना ही किंमत मोजावीच लागते. वास्तू कितीही चांगली असली, तरी ती आठवणींची भरपाई करू शकत नाही.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. सीमाभागात गावोगाव जीर्णोद्धार चालू आहेत. दगडी देऊळ पाडून आरसीसी, त्यावर रंगीत फरशी. जुने चर्च पाडून पुढे जुन्याच आकाराचा प्लास्टरचा मुखवटा. हे सारे ‘परंपरा जपली’ असे सांगून होते. परंपरा नुसत्या आकारात असती तर तसे म्हणताही आले असते. दादरला आकार पूर्ण बदलला. पण तिथे माणसे कशासाठी जमतात, कुठून आत येतात, कुणाकडे पाहतात याचा विचार आधी झाला आणि काँक्रीट मागून आले. आपल्याकडच्या जीर्णोद्धार समित्यांनी वर्गणीचे पावती पुस्तक छापण्याआधी एवढा एक विचार केला, तरी पुष्कळ वाचेल.

सिद्धिविनायकाहून परतताना अर्धा तास काढावा. मिस्सा चालू नसेल अशी वेळ पाहून शांतपणे आत जावे आणि थोडा वेळ अंगणाच्या कडेला बसावे.